उजव्या पायावरची टाळी

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी पाचगणीच्या एका शाळेतल्या पियानोच्या बाईंकडे बोट दाखवतो. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलंस तर कान पिरगाळीन, अशी त्यांची ताकीद होती, आणि त्यांचा पिरगाळा मी एकदा अनुभवलेला आहे. बाई मूळच्या गोव्याच्या. लग्नानंतर मुंबईत होत्या. त्यांचे यजमान तिथल्या हॉटेलात ट्रम्पेट वाजवत. ते वारल्यावर बाई एक पियानो आणि दोन मांजरं घेऊन पाचगणीला आल्या. माणदेशात वाढलेल्या मला ब्लूज नावाचं गाणं त्यांनी शिकवलं, आणि त्या शिकवण्यात माझी नोकरी कशी पणाला लागली, ते सांगायचं आहे.

आमच्या घरात पदवीधर झालेला मी पहिला. माण तालुक्यातल्या आमच्या गावात मुलगा मोठा झाला की त्याला दोन रस्ते दिसत, एक मुंबईच्या गिरणीकडे जाणारा आणि दुसरा पलटणीकडे. माझे वडील, आबा, पलटणीतून हवालदार होऊन घरी आले होते आणि त्यांच्या मते पहिला रस्ता रस्ताच नव्हता. मी सांगलीला कॉलेजात गणित शिकत होतो, तेही त्यांनी, पोराची छाती अजून भरायची आहे तोवर शिकेना का, अशा हिशेबाने चालवून घेतलं. पदवीचा कागद आला तेव्हा त्यांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला, आईकडे देवापाशी ठेवायला दिला आणि विचारलं, "आता भरतीला कवा जायाचं?"

"आबा, मला मास्तर व्हायचंय."

"मास्तर? हुबं ऱ्हाऊन वरडायचं काम? ते पलटनीत बी करत्यात, आन् जेवान मिळतंय."

बरीच ओढाताण झाली. शेवटी आबांनी निकाल दिला. "एक वरीस देतो. वरसात शाळंनं पक्का केला तर हो मास्तर. न्हाई केला तर गुमान बुटाला पालिश मारायचं आन् भरतीच्या रांगंत हुबं ऱ्हायाचं. कबूल?"

मी कबूल म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

सत्तरच्या दशकाची ती सुरुवात होती, मोठा दुष्काळ नुकता सरला होता. पाचगणीच्या त्या निवासी शाळेला गणित आणि कवायत असे दोन्ही विषय घेणारा मास्तर हवा होता. मुलाखतीत प्रिन्सिपॉलसाहेबांनी विचारलं, आणखी काय येतं? मी म्हणालो, ड्रम येतो. हे खरं होतं. सांगलीच्या कॉलेजात एनसीसीच्या बँडमध्ये मी कमरेला ड्रम अडकवून वाजवत असे. साहेबांचा चेहरा एकदम उजळला. शाळेतल्या मुलांच्या वाद्यवृंदात ड्रम वाजवणारे सर परदेशी गेले होते. मला एक वर्षाच्या बोलीवर घेतलं. नव्या मास्तराने वर्गाबाहेरचं एखादं काम वार्षिक समारंभात करून दाखवायचं आणि मग त्याला कायम करायचं की नाही ते ठरायचं, अशी तिथली रीत होती. मी खुशीत होतो. ड्रम म्हणजे ड्रम, त्यात काय!

पहिल्याच संध्याकाळी संगीताच्या खोलीत गेलो. पियानोवर बाई, गिटार घेतलेला कानावर केस आलेला नववीतला एक लांबुडका मुलगा, आणखी दोघं-तिघं. त्यांनी वाजवायला सुरुवात केली आणि मीही सामील झालो. एनसीसीत शिकलो होतो तसा, छाती काढून, पहिल्या ठोक्यावर दणकून. दोन मिनिटांत बाईंनी पियानोवरून हात उचलले.

"मास्तर, तू कोणाला धरून न्यायला आला काय?"

पोरं हसली. बाईंच्या मराठीत "तुम्ही" हा शब्दच नव्हता. प्रिन्सिपॉललाही त्या "तू" म्हणत आणि प्रिन्सिपॉल ते ऐकून घेत.

मग त्यांनी मला शेजारी बसवून समजावलं. ब्लूज हे अमेरिकेतल्या काळ्या माणसांचं गाणं, पाठ मोडेपर्यंत राबणाऱ्यांचं. तीन ओळींचं असतं. पहिली ओळ म्हणजे तक्रार. दुसरी ओळ तीच तक्रार पुन्हा, कारण पहिल्यांदा कुणी ऐकलीच नाही. तिसऱ्या ओळीत टोमणा. चार-चार ठोक्यांची बारा घरं झाली की फिरून पहिल्या घरात. "तक्रार आहे, पण रडून नाय करायची," बाई म्हणाल्या, "डोलून करायची. आणि डोलायचं तर जोर दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर. एक आणि तीन मनात ठेव. कोणाला ऐकू देऊ नको."

ऐकायला हे किती सोपं! बाईंनी मला व्हरांड्यात चालायला लावलं. डावा पाय एक, उजवा दोन, डावा तीन, उजवा चार. टाळी फक्त उजव्या पायावर.

इथे माझं घोडं अडलं. ज्याने कधी कवायत केली नाही त्याला हे कळायचं नाही, म्हणून सांगतो. संचलनात बँडचा जोराचा ठोका डाव्या पायावर पडतो. तो उजव्या पायावर पडायला लागला तर समजायचं, आपला पाय चुकला. त्यावर इलाज एकच, "कदम बदल". म्हणजे चालता चालता दोन पावलं पटकन जवळजवळ टाकायची की डावा पाय पुन्हा ठोक्यावर येतो. आबांनी हे मला शाळेत नाव घालायच्याही आधी आमच्या अंगणात शिकवलं होतं. पुढे एनसीसीने त्यावर लिंपण केलं. आता मी व्हरांड्यात दोन टाळ्या नीट वाजवायचो आणि तिसरीला माझे पाय आपसूक "टप-टप" करून बदलायचे. टाळी पुन्हा डाव्या पायावर.

"हा कसला डान्स?" बाईंनी विचारलं.

"बाई, कदम बदल."

"कोण बोलला तुला बदल म्हणून?"

"कुणी नाही. आपोआप होतं."

त्या दिवसापासून मी मेसमध्ये ताट घेऊन निघालो की मागून कुणीतरी पोरगं बारीक आवाजात "कदम बदल" म्हणायचं, आणि सांगायला लाज वाटते, एकदा तर आमटी सांडली.

बाईंनी नाना उपाय केले. लंबकाचं घड्याळ आणून ठेवलं, पण मी त्याच्या "टक"ला सलामी दिल्यासारखा वाजवायला लागलो, तेव्हा ते कपाटात गेलं. डाव्या बुटात खडा घालून बघितला, म्हणजे डावा पाय हलका पडेल. डावा पाय हलका पडला, पण दिवसभर गणिताच्या तासाला मी लंगडत होतो आणि पोरांना वाटलं सरांना कुत्रं चावलं. माझा कान पिरगाळला गेला तो याच दिवसांत.

गाण्याचे शब्द मात्र मला जमले. मुलांना इंग्रजी गाणं हवं होतं. बाई म्हणाल्या, तक्रार ज्या भाषेत करतो त्या भाषेत गा. मेसमध्ये आठवड्यातून चार वेळा भोपळा असे. मी लिहून दिलं:

सकाळी उठलो, तर ताटात भोपळा,
अरे सकाळी उठलो, तर ताटात भोपळा,
देवा, मी शहाण्यासारखा वागलो, मग मेसवाला का कोपला?

गिटारवाल्या पोराला हे इतकं आवडलं की त्याने त्याला आणखी चार कडवी जोडली. गाणं तयार होतं. ड्रम तेवढा तयार नव्हता, आणि ड्रम नाही तर मास्तरकी नाही.

समारंभाला महिना उरला असेल. आबा अचानक आले. पोराचं काय चाललंय ते बघायला, असं त्यांनी सांगितलं. पलटणीच्या भाषेत तपासणी. डोक्याला फेटा, हातात शेंगांची पिशवी. मी त्यांना संगीताच्या खोलीत नेलं. ते स्टुलावर पाठ ताठ करून बसले. बाईंनी चहा मागवला आणि विचारलं, हवालदार, पलटणीत तू काय काम केलं?

"मी खेचरावर हुतो, बाई."

आणि आबांची गोष्ट सुरू झाली. डोंगरातली छावणी, रसद नेणारी खेचरं, त्यातलं आबांच्या ताब्यातलं एक, ज्याला नाव नव्हतं, नुसता नंबर होता. आबांची बोली बाईंना निम्मी तरी कळत होती की नाही देव जाणे. पण त्या ऐकत होत्या, आणि ऐकताना "हं" म्हणत होत्या.

"पाठीवर साकरंची पोती."

"हं."

"म्होरं लाकडी पूल."

"हं."

"पुलापाशी आलं, आन् हुबं ऱ्हायलं."

बाईंचा डावा हात पियानोवर होता. या वेळी "हं"च्या जागी त्यांनी पियानोचे तीन सूर एकदम दाबले. आबा दचकले नाहीत. उलट खुलले.

"म्हनलं, चल!"

पियानो.

"सायेब म्हनला, ढकल!"

पियानो.

"ढकाललं. तसूभर हाललं न्हाई!"

पियानो, आणि आता बाईंची मानही डोलत होती. आबा माझ्याकडे वळून म्हणाले, "बाईंस्नी हुंकार द्यायला लय चांगला येतोय रं."

आमच्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो. तो नसेल तर सांगणारा थांबतो आणि म्हणतो, "झोपलास काय रं?" हुंकार शब्दावर पडला तर "तोंडात तोंड घालू नगंस" म्हणून शिवी बसते. उशिरा पडला तर ऐकणाऱ्याचं ध्यान नाही. दोन वाक्यांच्या मधल्या पोकळीत तो बरोबर पडायला हवा. हे आम्हाला कुणी शिकवत नाही. आईच्या मांडीवर येतं.

बाईंनी आबांच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, समजलं? तू इतके दिवस गाणाऱ्याच्या तोंडात तोंड घालतो. एक आणि तीन त्याचे, दोन आणि चार तुझा हुंकार."

मी ड्रमपाशी गेलो. आबा पुढे सांगत होते आणि मी प्रत्येक वाक्यानंतर नुसतं "हं" म्हटल्यासारखी काठी टाकत होतो. पाय शांत होते. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मध्येच एका जागी मला पुढचं ऐकायची इतकी घाई झाली की काठी वाक्य संपायच्या जरा आधीच पडली, अधीर माणसाचा "मग?" पडतो तशी. मला वाटलं चुकलो. बाई ओरडल्या, "तो! तोच! आधी येऊन बसला, आणि एकचा ठोका रिकामा राहिला. तिथे मजा आहे!"

गोष्ट पुलावरच राहिली. मेसची घंटा झाली आणि आबांची गाडी चुकायची वेळ झाली.

त्या महिन्यात मी पोरांबरोबर रोज वाजवलं. भोपळ्याचं गाणं आता खरोखर डोलायला लागलं. मेसवाला मामासुद्धा खिडकीत उभा राहून मान हलवायचा, आपल्यावरच आहे हे कळूनही.

समारंभाच्या संध्याकाळी पालकांनी सभागृह भरलं. पुढे विश्वस्त, त्यांच्यामागे फेटा बांधलेले आबा. माझ्या पक्केपणाचा निकाल ऐकूनच जायचं म्हणून ते मुद्दाम आले होते. बाईंनी चार घरं वाजवली, मी दोन-चारवर काठी टाकली, गिटारवाल्याने तक्रार सुरू केली. पहिलं कडवं झकास गेलं. लोक हसले, आणि टाळ्या वाजवायला लागले. आपल्याकडे लोक टाळी पहिल्या ठोक्यावरच वाजवतात. सगळं सभागृह एक-तीनवर, मी एकटा दोन-चारवर.

आबांनी हे ऐकलं. गाण्यातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण ठोक्यातलं सगळं कळत होतं. एवढा मोठा जमाव डाव्या पायावर चाललाय आणि आपला पोरगा, साहेबासमोर, नोकरीच्या निकालादिवशी, उजव्यावर! बापाचं काळीज. ते उठले आणि दोन शिवारं ओलांडून जाईल अशा कवायतीच्या आवाजात ओरडले,

"कदम... बदल!"

माझ्या हातांनी मला न विचारता हुकूम पाळला. काठी एकवर आली. गिटारवाल्याचा भोपळा घशात अडकला, कुणी पुढे गेलं, कुणी मागे राहिलं, आणि गाणं उसाची गाडी कलंडावी तसं आडवं झालं. विश्वस्त मागे वळून बघत होते. आबा अजून उभेच होते, आणि आपण काय केलं ते त्यांना हळूहळू समजत होतं. फेट्याखालचा तो चेहरा मला बघवेना.

बाईंनी पियानोवर एकच सूर दाबला आणि मोठ्याने विचारलं, "मग, हवालदार? खेचर पुलावर उभं राहिलं. मग?"

पलटणीतल्या माणसाला सवाल केला की तो जबाब देतो. आबांनी टाचा जुळवल्या. "मग काय! सायेब म्हनला, मार!"

पियानो. आणि माझी काठी, पोकळीत.

"म्या न्हाई मारलं!"

काठी.

"पोती काढली, आन् माज्याच पाठीवर घेतली!"

काठी. गिटारवाल्यानेही तार छेडली.

"आन् खेचर गेलं म्होरं, मोकळं, जनू त्येच सुभेदार!"

सभागृह हसून कोसळलं, आणि त्या हसण्यावरच पोराने भोपळा पुन्हा उचलला. ते शेवटचं कडवं आम्ही जसं वाजवलं तसं पुन्हा कधी वाजवलं नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रिन्सिपॉलसाहेबांनी बोलावलं. ते सज्जन गृहस्थ होते, त्यांना बोलणं जड जात होतं. गणित उत्तम शिकवतोस, म्हणाले. लोकांना कार्यक्रमही आवडला. पण वार्षिक समारंभात खेचर असावं, असं विश्वस्तांना वाटत नाही. वर्ष पुरं कर, मग आमचा नाइलाज आहे.

आबा एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत होते. मी जाऊन सांगितलं. मग म्हणालो, "भरती कुठं आहे ते बघून ठेवा."

धुक्यातून गाडी आली, लोक चढायला लागले, तरी आबा उभेच. मग म्हणाले, "पलटनीत कायदा हाय. हुकूम चुकला, तर जाब हुकूम देनाऱ्याला इचारत्यात. पाळनाऱ्याला न्हाई."

"म्हणजे?"

"म्हंजी तू हुकूम पाळलास. चूक माजी. भरती रद्द. आनखी एक वरीस घे."

"आबा, दोन घेतो."

"लाडात येऊ नगंस," असं म्हणून ते गाडीत चढले. खिडकीतून हात बाहेर काढून पुन्हा म्हणाले, "आन् त्या बाईंस्नी सांग, शेंगा भाजून खायाच्या. कच्च्या न्हाई."

जूनमध्ये मला सांगलीजवळ एका शाळेत जागा मिळाली. तिथून मी बाईंना जे पत्र धाडलं त्याचा कच्चा खर्डा माझ्यापाशी राहिला आहे. तो असा:

"बाई,

तुमच्या मास्तराचा सांगलीहून नमस्कार. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो म्हणून अक्षर मोठं आणि सुटं काढलं आहे. मांजरांनी पत्रावर बसू नये.

आज आमच्या हेडमास्तरांनी मला कायम केल्याचं सांगितलं. आबांना उद्या कळवीन, तुम्हाला आज कळवतो आहे. हे त्यांना सांगू नका.

इथे ड्रम नाही आणि पियानोही नाही. वर्गात शेतकऱ्यांची मुलं आहेत, बरीचशी माझ्यासारखी घरात पहिलीच शिकणारी. फळ्यापाशी उभं केलं की घाबरून गप्प होतात. आधी मी लगेच बरोबर उत्तर सांगून टाकत असे. आता मी नुसता 'हं' म्हणतो आणि थांबतो. गेल्या आठवड्यात एका मुलाने उदाहरण चुकीचं सोडवायला घेतलं, माझे तीन-चार 'हं' ऐकले आणि मग स्वतःच म्हणाला, 'सर, माझं हितं चुकलं.' मला इतका आनंद झाला की मी त्याला खडू बक्षीस दिला. हे तुमच्याकडून शिकलो, म्हणून तुम्हाला सांगितलं पाहिजे.

तुम्ही माझ्यावर एवढे कष्ट घेतलेत, खडे गोळा केलेत, तरी मी तिथे पक्का झालो नाही याचं तुम्हाला वाईट वाटलं, असं गिटारवाल्याने पत्रात लिहिलं आहे. वाटून घेऊ नका. माझ्या आधी आमच्या घरात कुणाला एवढं चुकू देणारं माणूस भेटलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही सांगलीला यावं अशी माझी आणि आईची इच्छा आहे. आई तेव्हा माझ्याकडे असेल. वाईला गाडी बदला, साताऱ्याला पुन्हा बदला. मागच्या चाकावरची जागा घेऊ नका, फार उडते. माझे घरमालक जैन आहेत आणि आमचं जेवण त्यांच्याच चुलीवर असतं. त्यांच्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकतात आणि चूल विझते, तेव्हा सकाळची पहिली गाडी धरा. उशीर झाला तर तुम्हाला उपाशी झोपावं लागेल, आणि मग तुम्ही मला काय काय म्हणाल ते मला माहीत आहे.

तुमचा,
मास्तर"